स्वयंपाकघरातील धातुपाठ

संस्कृत पाठशाळेत पूर्वी विद्यार्थ्याकडून धातुपाठ मुखोद्गत करून घेत. त्यात सुमारे दोन हजार धातू आहेत. त्यांतील अन्न शिजविण्यासंबंधीचे तेवढे वेचले, तरी पच्, भ्रस्ज्, श्रा, क्वथ् अशी चांगली रांग लागते. नुसते शिजविणे निराळे, कोरड्या आचेवर भाजणे निराळे आणि पाण्यात उकळून अर्क काढणे निराळे, हा विवेक आपल्या भाषेने फार प्राचीन काळीच केला होता. परंतु आम्हांस नेहमी असे वाटत आले आहे की, आपल्या प्रत्येक घरात याशिवाय दुसराही एक धातुपाठ नांदत असतो. तो कोणा ऋषीने रचिला नाही, की कोणा पंडिताने त्यावर भाष्य केले नाही. चुलीपुढे बसून सासूने म्हणावा व सुनेने ऐकावा, एवढीच त्याची परंपरा. परभणी जिल्ह्यातील आमच्या घरांतून चालत आलेल्या या पाठाविषयी आज वाचकांपुढे चार शब्द ठेवण्याचा विचार आहे.

या विचारास निमित्त झाली ती जपानी भाषा. हल्ली पुण्यामुंबईस शिकावयास गेलेली आमच्याकडील मुले ती भाषा शिकतात व सुट्टीत घरी येताना तिची पुस्तके बरोबर आणतात. अशा पुस्तकांतील भोजनविषयक धडे चाळताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती अशी की, जपानी मनुष्य भाजीच्या पदार्थास नाव देतो ते पुष्कळदा क्रियेवरून देतो. ‘मोनो’ म्हणजे वस्तू. रसात मंद शिजविणे म्हणजे ‘निरु’, म्हणून तसे शिजविलेले ते निमोनो. ‘मुसु’ म्हणजे वाफविणे, त्यावरून मुशिमोनो. ‘आगेरु’ म्हणजे तळणे, त्यावरून आगेमोनो. मिठात किंवा भाताच्या कोंड्यात मुरत घालणे म्हणजे ‘त्सुकेरु’, त्यावरून त्सुकेमोनो. पालेभाजी किंचित उकडून, पिळून, मुरवणीच्या पाण्यात भिजत ठेविली की ती ओहिताशी, कारण ‘हितासु’ म्हणजे भिजविणे. नाव ऐकताच ती भाजी कोणत्या संस्कारातून गेली आहे, हे जेवणारास कळून येते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आम्हीही तेच म्हणतो. नवल काहीच नाही, कारण आपण नेमके हेच करीत आलो आहो. आपले त्याकडे लक्ष मात्र नाही.

आपली नावे कोठून आली?

‘भाजी’ हाच शब्द घ्या. भाजणे या क्रियेशी त्याचे नाते व्युत्पत्तिकार सांगतात. कालवावयाचे ते कालवण, ठेचावयाचा तो ठेचा, वाळवावयाचे ते वाळवण. लवणापासून लोणचे, क्वथितापासून कढी, पिष्टापासून पीठ व पिठापासून पिठले. आमच्या मराठवाड्यात घोळाणा नावाचा एक पदार्थ आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी अथवा कांद्याची पात कच्चीच बारीक चिरावी, तीत शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ व कच्चे तेल घालावे आणि हाताने हलके घोळावे. घोळणे या क्रियेवरून त्याचे नाव पडले. जपानात पालेभाजीस तिळाचे कूट लावून अशीच एक वस्तू करितात. तिला म्हणतात गोमाआए. ‘गोमा’ म्हणजे तीळ व ‘आए’ म्हणजे कालविलेले. फरक इतकाच की, त्यांचा पाला उकडलेला व आमचा कच्चा. दोन देशांतील गृहिणींनी एकमेकींस न पाहता एकच युक्ती काढावी आणि तीस एकाच रीतीने नाव द्यावे, हे पाहून मनास मोठी गंमत वाटते.

क्रियापदांची ही संपत्ती किती सूक्ष्म आहे, हे एका हरभऱ्याच्या पिठावरून दाखविता येईल. फोडणीच्या उकळत्या पाण्यात पीठ वैरून ते हाटले, की पिठले होते. कांद्याच्या फोडणीवर कोरडेच पीठ टाकून, पाण्याचा हबका मारून वाफ आणली, की झुणका होतो. तेच पीठ घट्ट शिजवून ताटात थापले व सुरीने कापले, की पाटवड्या होतात. शेपू किंवा मेथी शिजत आली असता वरून पीठ भुरभुरविले, की ती पीठ पेरलेली भाजी. येथे गृहिणीने ‘पेरणे’ हे शेतातील क्रियापद चुलीवर आणिले आहे, आणि ते अगदी समर्पक आहे, कारण पीठ एके ठिकाणी पडू न देता चिमटीने सर्वत्र सारखे टाकावयाचे असते. पीठ एकच, तेल-तिखट तेच. पाणी व पीठ यांची भेट कोणत्या प्रकारे झाली, एवढ्यावरून चार पदार्थ व चार नावे झाली.

घट्टपातळपणाच्या पायऱ्यांचेही असेच आहे. पातळ, पळीवाढे, सरसरीत, दाटसर, गरगट, अंगासरशी रस असलेले, मोकळे व कोरडे, अशा आठ पायऱ्या तर आम्ही सहज मोजल्या. ‘पळीवाढे’ या एका शब्दात संपूर्ण सूचना आहे. पदार्थ पळीने वाढता आला पाहिजे, परंतु पानात वाहून जाता कामा नये. आजच्या तरुण घरांत या आठ पायऱ्यांच्या जागी दोनच शब्द ऐकू येतात, ‘ग्रेव्ही’ आणि ‘ड्राय’. मधल्या सहा पायऱ्या कोठे गेल्या?

चिरण्याच्या बाबतीत जपानी स्वयंपाक्यांचा फार कटाक्ष असतो. सुताएवढ्या बारीक चिरण्यास ते सेनगिरी, म्हणजे सहस्र काप म्हणतात. गोल चकतीचे चार भाग केले की, त्यांच्याकडील एका वृक्षाच्या पानासारखा आकार दिसतो, म्हणून त्यास त्या वृक्षाच्या नावावरून इचोगिरी म्हणतात. आपल्याकडेही बटाट्याच्या काचऱ्या वेगळ्या, फोडी वेगळ्या, काप वेगळे व चकत्या वेगळ्या. पालेभाजी आधी निवडावयाची, मग चिरावयाची; गवार मोडावयाची; तूर सोलावयाची; काकडी चोचवावयाची किंवा किसावयाची. काकडीची कोशिंबीर चोचवून केली व किसून केली, तर दोहोंची चव एक लागत नाही, हे खाणाऱ्यास सांगावे लागत नाही.

अन्न आणि व्यंजन

आता थोडे व्याकरण. व्यंजन हा शब्द आपण वर्णमालेत वापरतो व ताटाविषयीही वापरतो. क, ख, ग यांस स्वतंत्र उच्चार नाही, त्यांस स्वराचा आधार लागतो. तद्वत भाजी, चटणी, कोशिंबीर ही ताटातील व्यंजने होत. त्यांस भाताचा किंवा भाकरीचा आधार लागतो. पाणिनीने समासप्रकरणात एक सूत्र केवळ एवढ्यासाठी घातले आहे की, चव आणणारे व्यंजन व ज्यास चव आणावयाची ते अन्न, यांच्या वाचक शब्दांचा समास व्हावा. दध्योदन म्हणजे दहीभात, हे त्याचे उदाहरण. लगेच पुढचे सूत्र खाद्यवस्तूत मिसळावयाच्या पदार्थाविषयी असून, गूळ मिसळलेल्या धान्याचे ‘गुडधाना’ हे उदाहरण तेथे देतात. जगातील श्रेष्ठ वैयाकरणास दहीभातासाठी नियम करावासा वाटला, हे आमच्या भगिनीवर्गाने अभिमानाने ध्यानात ठेवावे.

जपानी भाषेतही हीच व्यवस्था आढळते. शिजलेल्या भातास ‘गोहान’ म्हणतात आणि जेवणासही गोहानच म्हणतात. त्याबरोबर जे तोंडी लावावयाचे ते सर्व ‘ओकाझु’. ‘काझु’ म्हणजे संख्या. वाट्यांची संख्या अनेक म्हणून हे नाव. त्या देशाची अक्षरमालाही संस्कृत वर्णक्रमाच्या अनुरोधाने लागलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बौद्ध भिक्षूंबरोबर आपली लिपिविद्या तेथे पोहोचली व तिने तेथील अक्षरांस क्रम दिला. सुशी नावाच्या पदार्थातील भातास तेथील लोक ‘शारी’ म्हणतात. हा शब्द बुद्धाच्या अस्थींचा वाचक जो संस्कृत ‘शरीर’ शब्द, त्यापासून आला, असे सांगतात.

परभणीकडे गोहानचे स्थान ज्वारीच्या भाकरीस आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काळ्या भूमीत रब्बीची ज्वारी पिकते आणि तिच्या भोवती आमची सारी व्यंजने फिरतात. खेड्यातील मनुष्य विचारतो, ‘कोरड्यास काय केले आहे?’ भाकरी कोरडी, तेव्हा तिच्यासाठी जे ओले ते कोरड्यास. हा शब्द शहरी वाचकांस ग्राम्य वाटेल, परंतु पाणिनीच्या सूत्रातील विचारच त्यात आहे. अंबाडीची भाजी आंबट, म्हणून तीत ज्वारीच्या कण्या शिजवावयाच्या व वरून लसणीची फोडणी द्यावयाची. तुरीच्या कोवळ्या दाण्यांस सोले म्हणतात, त्यांची आमटी हिवाळ्यात होते. ज्या दिवशी भाजी मिळाली नाही, त्या दिवशी वरणातच कणकेचे तुकडे सोडून वरणफळे करावयाची, किंवा मसाल्याच्या पाण्यात पिठाच्या वळ्या सोडून शेंगुळे करावयाचे. अवर्षणाच्या प्रदेशातील गृहिणीस नित्य हाच प्रश्न असे की, पानात व्यंजन नसेल तर काय करावे? त्याची उत्तरे तिने या नावांत साठविली आहेत.

व्रते आणि भाज्यांची नावे

आपल्या सणांनी भाज्यांची नावे टिकविली. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या भाज्यांचीच भाजी करावयाची. भोगीच्या दिवशी वांगी, गाजरे, हरभरे, वाल यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शेजारच्या लातूर व धाराशिव भागांत वेळ अमावास्येस शेतात नेण्यासाठी अनेक पालेभाज्या व कोवळे दाणे एकत्र करून भज्जी करितात. आषाढातील कांदेनवमीस कांद्याचा निरोप घ्यावयाचा आणि चंपाषष्ठीस वांग्याच्या भरिताने पुन्हा आरंभ करावयाचा. हे सारे पंचांग जिभेवर लिहिलेले आहे.

जपानातही पाहा. जानेवारीच्या ७ तारखेस तेथे सात पालेभाज्या घातलेली पेज खातात. सेरी, नाझुना, गोग्यो, हाकोबेरा, होतोकेनोझा, सुझुना, सुझुशिरो अशी त्यांची नावे असून मुलांस ती क्रमाने पाठ असतात. यांतील सुझुना म्हणजे सलगम व सुझुशिरो म्हणजे मुळा. नित्याच्या बोलण्यात या भाज्यांस आज तेथे दुसरीच नावे आहेत. जुनी नावे जगली ती या पेजेच्या आधाराने. उलट होतोकेनोझा या नावाचा प्रकार बोधप्रद आहे. आज त्या नावाने ओळखतात ती वनस्पती निराळी आणि पेजेत घालावयाची ती निराळी. नाव एकीकडे गेले आणि पाला दुसरीकडे राहिला, म्हणजे घोटाळा कसा होतो, याचा हा दाखला होय.

त्यांच्या झेन मठांतील आहारास शोजिन म्हणतात. त्यात मांस-मासे नाहीत व कांदा-लसूणही नाही. कांदा खाणाऱ्याने व मद्यप्याने आत येऊ नये, अशा अर्थाचे शिलास्तंभ कित्येक मठांच्या द्वाराशी उभे आहेत. आमच्या चातुर्मास पाळणाऱ्या आजीबाईंस तेथे खचित परके वाटले नसते. मात्र एक सावधगिरी सांगून ठेवितो. तेथील सामान्य घरांत भाजीच्या रसासही बहुधा वाळलेल्या माशाचा अर्क घालतात. मठात त्याऐवजी समुद्रातील शेवाळाच्या पट्ट्या व भूछत्रे वापरतात. तिकडे जाणाऱ्या मुलामुलींनी ‘भाजी’ एवढे ऐकून स्वस्थ बसू नये. १२३७ साली दोगेन नामक आचार्याने मठातील आचाऱ्यासाठी स्वतंत्र उपदेशग्रंथ लिहिला. तांदूळ धुण्यापासून भांडी जागच्या जागी ठेवण्यापर्यंत प्रत्येक कृती त्याने साधनेच्या योग्यतेची मानली आहे. २०१३ साली युनेस्कोने जपानच्या पारंपरिक भोजनपद्धतीस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण यादीत नाव जाण्याच्या किती तरी आधी त्या लोकांनी आपल्या क्रियापदांची निगा राखिली होती.

परके शब्द आणि एक परके पीक

परका शब्द घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. बटाटा, कोबी, अननस हे शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाले. जपानी लोकांचा तेंपुरा हा शब्दही पोर्तुगीजच. भोपळ्यास ते काबोचा म्हणतात, तो शब्द कंबोडिया देशाच्या पोर्तुगीज नावावरून आला. मिरची समुद्रापलीकडून आली, तेव्हा आपण तीस मिऱ्याचे, म्हणजे मरिचाचे, नाव देऊन घरची केली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास रचिला, त्यातील अन्नप्रकरणात मिरची नाही. परंतु मंडक, पोलिका, वटक व घारिका आहेत, आणि आपले मांडे, पोळी, वडे व घारगे त्यांचेच वंशज होत. नव्या वस्तूबरोबर नवा शब्द येणे हे वाढीचे लक्षण आहे. एका परक्या शब्दाने घरचे दहा शब्द गिळावेत, ही मात्र हानी आहे.

‘करी’ या शब्दाने असेच केले. आमटी, कढी, रस्सा, कालवण या सर्वांस इंग्रजांनी एकाच नावाखाली कोंबले व तेच नाव मेजी राजवटीच्या काळात जपानात नेले. तेथे ‘कारे’ म्हणून ते आज घरोघर आहे. १९१५ साली जपानात आश्रयास गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी १९२७ मध्ये आपल्या सासऱ्यांच्या तोक्यो येथील नाकामुराया या दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू केली, ती याच नावाने प्रसिद्ध झाली. जपानी मनुष्यास आपल्या दहा पदार्थांचे एकच नाव ठाऊक असावे, यात त्याचा दोष नाही. परंतु आपल्या नातवंडांसही तेवढेच ठाऊक असावे काय?

येथे आम्हांस आमच्या शेतांची आठवण होते. परभणीच्या शिवारात आज खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन दिसते. हेच कडधान्य जपानात पाहा: कोवळ्या शेंगा त्या एदामामे, दुधाचे दही ते तोफू, दुधावरची साय ती युबा, उरलेला चोथा तो ओकारा, भाजून दळलेले पीठ ते किनाको, आंबवून केलेले मिसो, शोयू व नात्तो. एका दाण्याची किती नावे! आणि आमच्याकडे? शेत भरलेले, पण स्वयंपाकघराच्या धातुपाठात त्या पिकाचे एकही क्रियापद नाही. ते गाडीत भरून बाजारात जाते, आणि तेल होऊन डब्यातून परत येते. उलट ज्या पालेभाज्यांस नावे होती, त्या बांधावरून नाहीशा होत आहेत. तांदुळजा, घोळ, चिवळ, कुर्डू, केना, पाथरी, तरोटा! घोळ व चिवळ या दोन बहिणी, एक रुंद पानाची व एक बारीक पानाची. हा भेद आजीस अंधारातही बोटांनी कळे. ज्यास नाव ठाऊक नाही, त्याच्या लेखी हे सारे तण आणि तणावर औषध फवारावयाचे. वाचकांस सांगावयास हरकत नाही की, जपानच्या यामागाता प्रांतात हीच घोळ आजही आवडीने खातात. अलीकडे कृषिखात्यातर्फे पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु महोत्सव वर्षातून एकदा, आणि भूक रोज दोनदा.

विद्या व शेती यांची सांगड आमच्या जिल्ह्यास नवी नाही. परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. तेथे भेंडीचा तिच्या भावकीतील रानवट जातीशी संकर करून, पाने पिवळी पाडणाऱ्या रोगास दाद न देणारे ‘परभणी क्रांती’ हे वाण सिद्ध केले, आणि त्या भेंडीने आमच्या गावाचे नाव दूरदूरच्या मळ्यांत नेले. २०१८ साली याच विद्यापीठाच्या सहभागाने लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी प्रसृत झाली. बियाणे जतन करणारी संस्था आहे. परंतु त्या ज्वारीच्या कण्या अंबाडीत केव्हा घालाव्यात, हे जतन करणारी संस्था म्हणजे आपले घर.

करावयाचे काय?

पूर्वजांनी हे काम हलके मानिले नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने भोजनकुतूहल हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, व त्यात पदार्थांची देशी नावे नोंदविली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र मराठीत छापून निघाले. आपणांपैकी प्रत्येकास ग्रंथ लिहावयाचा नाही. घरात एक वही करावी, एवढेच पुरे. पाककृतीच्या वह्या पुष्कळ आहेत. त्यांत एक वाटी व दोन चमचे असे माप असते, शब्द नसतात. या वहीत शब्द लिहावेत: पदार्थाचे घरातील नाव, त्यामागील क्रियापद, तो किती पातळ असावयाचा त्याचा शब्द, तो कोणत्या महिन्यात व्हावयाचा आणि कोणत्या भाकरीबरोबर खावयाचा. चुलीचा वैल घरात राहिला नसेल. तरी वैलावर ठेवणे म्हणजे आचेवरून काढून नुसत्या उबेवर मुरू देणे, हा अर्थ लिहून ठेविला, तर शेगडीवरही तो पाळता येतो. माहेरचा शब्द एक व सासरचा दुसरा असेल, तर दोन्ही लिहावेत. वऱ्हाडाकडून आलेली सून कोथिंबिरीस सांबार म्हणाली, तर तिला हसू नये. सम्भार म्हणजे जमविलेले साहित्य. तो शब्द कोथिंबिरीवर कसा स्थिरावला, हा विचार जेवताना करण्याजोगा आहे.

हे काम मुलींचेच, असे समजू नये. मुलगेही आज परगावी एकटे राहून शिजवून खातात. त्यांसही हा पाठ द्यावा. धातुपाठ ऐकूनच येतो, आणि म्हणणारे मनुष्य घरात आहे तोपर्यंतच ऐकता येतो. येत्या चातुर्मासात रोज जेवणाच्या वेळी वडील मंडळींस एक शब्द विचारावा. चार महिन्यांत सव्वाशेच्या घरात शब्द होतील. एका घरास एवढी ठेव लहान नाही.